एकोणीस फडकी

बाराव्या दिवशी माझे कान टोचले.
रक्त तीन दिवस थांबेना.
हळद दाबून झाली, चहापत्ती दाबून झाली,
गोठ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा.
आई सांगते, एकोणीस फडकी भिजली.
भोकं आपोआप बुजली,
मी राहिले लंकेची पार्वती.

सातवीत पाळी आली ती सतरा दिवस गेली नाही.
मग नागपूर, मग कागदावर
कुणा गोऱ्या माणसाचं आडनाव:
फॉन विलेब्रांड.
परतीच्या एस.टी.त, पार पुलगावपर्यंत,
बाबा ते घोकत बसले,
नव्या सोयऱ्याचं नाव घोकावं तसं.

सत्ताविसाव्या वर्षी मीच गेले हिरुळकर सोनाराकडे.
म्हटलं, काका, पुन्हा टोचा.
त्यांनी चष्मा काढून ठेवला.
"तुह्या कानाचं रक्त
माह्या धोतरावरून गेलंच नाही, पोरी.
पहिले डॉक्टरचा कागद आन.
त्याच्याबिगर मी सुई हातात घेत नाही."
कान सोनारानंच टोचावे म्हणतात.
टोचले त्यांनी, असे.

डॉक्टरीणबाईंनी मंगळवार ठरवला.
शुक्रवार नको,
रविवारी रक्त आलं तर इथे कोण असतं?
आधी शिरेतून औषध, मग पाच दिवस गोळ्या.
दुखलंच तर कुठली गोळी घ्यायची नाही
तेही लिहिलं, खाली दोन रेघा ओढून.
सुई माझ्यासमोर फोडलेल्या पाकिटातली.
आणि एकच कान.
दुसरा महिन्यानं, हा कसा वागतो ते बघून.

हिरुळकर आले होते. कुणी बोलावलं नव्हतं.
रिंग त्यांनी घडवलेली,
नर्सनं त्यांच्याकडून काढून घेऊन
यंत्रात घालून निर्जंतुक केलेली.
बाई टोचत होत्या तेव्हा
त्यांचा अंगठा हवेतच दाबला गेला.
मग दहा मिनिटं
कापूस धरून मी,
घड्याळ धरून ते,
आणि आई कुणाकडेच न बघता
मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत.

पिशवीत काय होतं ते मला नंतर दिसलं.
धुतलेली, उन्हात वाळवलेली,
मोजून एकोणीस.

"थांबलं काय वं?"
कापसावर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग.
"हाव."

फडकी घडीच्या घडीत परत आली.
चार दिवस फळीवर तशीच होती.
पाचव्या दिवशी त्यातलं एक ओढून
आईनं चुलीवरचा तवा उतरवला.