दुसरी बाजू, चौथं मिनिट

पडुका, केंटकी. नोव्हेंबर.
पूरभिंतीला टेकलेलं व्हर्नन प्रूइटचं जुन्या तबकड्यांचं दुकान,
आत रॉकेलचा हीटर आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास.
मी रात्रपाळी उरकून येते,
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावून लावून बोटं गार पडलेली.
"ही ने," म्हणाला, "तीन डॉलर. परत आणलीस तर दोन देईन."

तीन डॉलरात एक्केचाळीस माणसं घरी आली.
सोळा व्हायोलिनवाले, एक बँजो,
एक करवत. हो, लाकडं कापायचीच,
तिच्यावर गज फिरवून तिला रडवलेली.
आणि मधोमध डेलमार कीज नावाचा पोरगा,
तेविसाव्या वर्षी अख्खा देश
अडतीस मिनिटांत बसवायला निघालेला.

सुरुवातीला फक्त एक हाक, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर.
चर्चच्या बायका झील धरतात.
मग तंतुवाद्यं येतात ती पुरासारखी,
आधी तळघरात,
आणि आपण अजून जिन्यात उभ्या.

अति आहे, कबूल.
तिसऱ्या गाण्यात घंटा, आगगाडीची शिट्टी, नऊ ट्रम्पेटं,
पंगतीत साऱ्या मावश्यांनी एकदम वाढायला यावं तसं.
ताटात जागा नाही
आणि नको म्हणवत नाही.

पण पोरानं लपवलं काही नाही.
कुठली चाल कुणाकडून मागून आणली,
कुठली न विचारता उचलली,
बँजो मुळात कुणाच्या मांडीवर होता,
सगळं ऐकू येतं.
धक्क्यावरून दिसतं ना, टेनेसी ओहायोत शिरते
तरी बराच वेळ दोन रंग शेजारी शेजारी चालतात,
तसं.

शनिवारी गेले. दोन डॉलर मागायला नव्हे.
"दुसरी बाजू, चौथं मिनिट," व्हर्नन म्हणाला, "ऐकलंस?"
तिथे तर सगळे थांबतात, मी म्हटलं.
"सगळे नाही. एक खुर्ची करकरते.
तिसरा ट्रॉम्बोन. बहात्तर मात्रा गप्प बसायचं होतं,
सत्तराव्याला हललो.
पुन्हा घ्यायला पैसे उरले नव्हते."

कव्हर उलटून दाखवलं. बारीक अक्षरात व्हर्नर प्रूट.
नावसुद्धा धड नाही.
चारशे प्रती खपल्या. डेलमार पुढे
ओवेन्सबरोत गालिचे विकायचा.
"चांगले गालिचे," व्हर्नन म्हणाला,
आणि हीटरची वात उगाचच कमीजास्त केली.

रात्री सुई त्या जागी ठेवते.
एवढा पसारा, एवढी हौस,
सगळं एका श्वासावर थांबतं
आणि अंधारात कुणीतरी सावरून बसतं.
सुई उचलते. पुन्हा तिथेच.

खालच्या मजल्यावरून मिसेस हॅझलरिग
काठीनं छत ठोकतात.
समेवर नाही,
पण जवळपास.