दुरुस्ती क्रमांक चौदा

नाशिकरोडच्या छापखान्यात एकोणीस वर्षं
मी चुका शोधायचे.
पासपोर्टच्या पानावर
रेघ केसाएवढी सरकली तरी
अख्खा ताव बाद.
बाद तावाचीसुद्धा नोंद व्हायची,
कारण लिहायचं, सही करायची,
मग तो जाळायचा, दोन साक्षीदारांसमोर.

म्हणून हे विधेयक हातात आलं तेव्हा
आधी शोधलं ते एवढंच:
जो बाद होईल, त्याची नोंद कुठे?
चौऱ्याऐंशी पानं.
कुठेच नाही.

मंत्रिमहोदय म्हणाले, अचूकता नव्याण्णव टक्के.
बाकं वाजली.
मी उरलेल्या एकाचा हिशोब मांडत बसले.
माझ्या मतदारसंघात अठरा हजार.
म्हणजे गोल्फ क्लबचं मैदान गच्च भरून
रांग त्र्यंबक रोडवर येईल.
आणि त्या रांगेत उभं राहायलाही
ओळखपत्र मागतील.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे नोंदवून घ्या.
भाजीच्या गाडीवरचा तो काळा चौकोन
मीही रोज फोनने टिपते.

पण सोनकी भोये.
पेठकडून येते, दिंडोरीच्या बागांत
द्राक्षांचे घड औषधात बुडवते,
हंगामभर, दिवसाला हजारो.
बोटांवरच्या रेषा त्यातच कुठेतरी उतरल्या.
रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा.
पदराला पुसला, पुन्हा लाल.
सानप दुकानदार खाली बघत म्हणाला,
मावशी, मशीन म्हणतंय तुम्ही तुम्ही नाही.
ती म्हणाली,
मंग येवढ्या लांबून चालत कोण आलं?

तांबट लेनमधले भास्कर वडनेरे तर हसतात.
चाळीस वर्षं हातोडा, ताई,
माझ्या रेषा तुम्हाला हंड्यांवर सापडतील.

रामकुंडावर उपाध्यांच्या वहीत
आमच्या सात पिढ्या आहेत.
एका काकांचं नाव चुकलेलं,
कुणीतरी समासात नीट लिहिलंय,
वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात.
बायकांची नावं निम्मी गाळलेली आहेत.
मी त्या वहीला ओवाळत नाहीये.
मी फक्त समासाबद्दल बोलतेय.
सर्व्हरला समास कुठे असतो,
एवढं मला कुणी दाखवा.

विधेयकात होतं: प्राधिकरण कारण देऊ शकेल.
मी म्हटलं, 'शकेल' काढा.
देईल, लिहा.
नोंद होईल, कारण लेखी मिळेल,
धान्य त्याच दिवशी मिळेल.
तीन वाक्यं. दुरुस्ती क्रमांक चौदा.
वेळ मिळाला तीन मिनिटं,
त्यात घंटा दोनदा.

मग आवाजी मतदान.
नाही, नाही, नाही, असा लोट आला,
कोपऱ्यातून, मागच्या बाकांवरून,
कुणी फोनमधून मान वर न काढता.
मी मतविभागणी मागितली.
गोंगाटात ऐकू आलं नाही म्हणे.
नामंजूर.

देशाचा अंगठा मागणाऱ्या त्या दालनात
'नाही' कोण म्हणालं
याची ओळख कुणी पटवली नाही.

शनिवारी परत आले.
द्वारकेजवळच्या ऑफिसात, स्टुलावर
दोनशे पानी वही, उभ्या रेघा मीच मारल्या,
डावीकडे समास सोडला, चांगला रुंद.
वर लिहिलं, बाद ताव.
मग ते खोडलं. माणसं आहेत ही.
नुसती तारीख लिहिली.

एक: सोनकी भोये. लाल दिवा, दोनदा.
पस्तीस किलो, न दिलेले.

साक्षीदार दोन लागतात, हात अजून तेच मागतो.
एक मी.
दाराशी सानप उभा होता,
किती वेळ कुणास ठाऊक, चप्पल हातात घेऊन.
म्हणाला, ताई, पेन द्या.
सही चालेल ना?
अंगठा नको ना?