शिंक

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीत
बासष्ट खुर्च्या, एकतीस पट,
आणि भिंतीवरच्या यादीत माझं नाव, कन्नडमध्ये.
अक्षर अक्षर जोडत वाचलं: भ, र, मा, ण्णा.
पुढं मानांकन, अकराशे चाळीस.
समोर भुवना मठपती, गोकाक. एकोणीसशे साठ.
वय बारा. खुर्चीत पाय जमिनीला टेकत नव्हते.

याच वखारीत बावीस वर्षं मी काटा धरला.
पोत्याला हात लावला की
अर्ध्या किलोची लबाडी बोटांना कळायची.
पटावर तसं कळत नाही.
तिनं घोडा उचलला, ठेवला,
आणि माझ्या डावात कुठंतरी टाका उसवला.

विसाव्या चालीपर्यंत दोन प्यादी गेली.
दाराच्या जाळीतून तिचे वडील बघत उभे,
काखेत करदंटाचा डबा.

मग तिला शिंक आली.
वखार रिकामी होऊन सहा वर्षं झाली, तरी
भिंतीत भुकटी आहे अजून,
नव्या माणसाला सोडत नाही.
एक, दोन, तीन. डोळ्यांत पाणी.
त्या पाण्यातूनच तिनं हत्ती सरकवला
आणि घड्याळ दाबलं.

हत्ती उघडा.
माझा उंट, तिरकी वाट, मधे कुणी नाही.
चार मिनिटं मी नुसता बघत बसलो.
एकोणीसशे साठवाली हत्ती असा टाकंल व्हय?
काहीतरी असणार. असणारच.
फुकट दिसलं की काट्याखाली हात घालून बघायचं,
बावीस वर्षांची खोड.
मी राजा एक घर कोपऱ्यात नेला.

तिनं श्वास सोडला. मला ऐकू आला.
आणखी नऊ चाली, आणि मी हात पुढं केला.

नंतर दाराशी, पायरीवर, तिनं डाव परत मांडला,
वहीत न बघता,
आणि तिथंच थांबली.
उंटावर बोट ठेवून म्हणाली,
"याक तगोळ्ळिल्लरी, अज्जा?"
का नाही घेतला. तेवढं कन्नड येतं मला.
'भ्यालो'ला शब्द आठवेना.
आत भिंतीवर तिच्या नावापुढल्या आकड्याकडं
मी बोट दाखवलं.
तिनं वळून बघितलं. तिला तिथं काही दिसलं नाही.
परत शिंकली.

वडिलांनी डबा उघडून
माझ्या तळहातावर करदंटाचा तुकडा ठेवला.
साठ ग्रॅम.
थोडा जास्तच.