अर्धी पियाली

पहाटे तीनला, मर्गिलानमधल्या लग्नघरी
कढई तापली, तेव्हा हमरोकुल उस्तानं
आधी हात धरला तिच्या कडेवर,
मग, नकळत, स्वतःच्या उजव्या बरगडीखाली.
तिथे चार टाके. अकरा महिने झाले.

मेंढीच्या शेपटीची चरबी, बोराएवढे तुकडे:
पांढरे, मग काचेसारखे, मग सोनेरी.
चाळीस वर्षं पहिला कुरकुरीत तुकडा त्याचाच असे.
मीठ, कच्चा कांदा, आणि डोळे मिटून एक हुंकार.
त्या हुंकारावर पोरं ओळखायची, आज पुलाव जमणार.

आज तुकडा झाऱ्यावरच राहिला.
"तू चाख," तो म्हणाला सोदिकला.
पोरगं चाचरलं. उस्तानं न चाखता लग्नाचा भात?
उस्ता डोळ्यांत तेल घालून कढईकडे बघत होता.
डोळ्यांना चालतं तेल.

आधी आधी सांगायचीच चोरी होती.
जेवण झालं की पोटाचा दगड,
खांद्यापर्यंत चढणारी कळ,
आणि सकाळी संडासात ते फिकट, तेलकट, तरंगणारं,
दोन बादल्या ओतूनही न जाणारं.
(कवितेत आणू नये म्हणतात असलं काही.
उस्ता म्हणतो, खरकटं बघितल्याशिवाय
जेवण कसं झालं ते कळत नाही.)

फरगान्याला डॉक्टर त्सोयबाईंनी पडद्यावर दाखवले
सात खडे.
तो बराच वेळ बघत राहिला.
"जन्मभर तांदळातले निवडले," म्हणाला,
"हे तेवढे राहून गेले."

त्याच्या भाषेत शब्द एकच: ओत.
ओत म्हणजे आग. ओत म्हणजे गवत.
ओत म्हणजे पित्त, आणि पित्ताची ती पिशवीही.
"माझा ओत काढून टाकला," असं तो चहाखान्यात सांगतो
तेव्हा चुलीनं दचकावं,
मेंढ्यांनी मान वर करून कुरण शोधावं.

बाई म्हणाल्या होत्या, पिशवी गेली, पित्त आहे.
यकृत ओततंच आहे, थेंब थेंब, रात्रंदिवस.
साठवून एकदम ओतणारं मात्र आता कुणी नाही.
मेजवानीचं पोट विसरा.
थोडं खा. थांबा. पुन्हा थोडं खा.

हे पचनी पडायला वेळ लागला.
नवरोजला कोठाराआड उभ्यानं
त्यानं भरलं ताट संपवलं, चोरासारखं.
तीन दिवस. ओयदिननं चादरी धुतल्या,
वाळत घातल्या, अवाक्षर काढलं नाही.
चौथ्या दिवशी चहा दिला: पियाली अर्धीच.

त्या मुलखात अर्धी पियाली म्हणजे मान.
बसा, पुन्हा ओतते, पुन्हा ओतते.
काठोकाठ भरली, की समजायचं: उठा आता.

"मी काय पाहुणा आहे घरात?" तो खेकसला.
"तू नाहीस," ती म्हणाली,
आणि बोट दाखवलं त्याच्या पोटाकडे.

तेव्हापासून तो त्याला पाहुण्यासारखं वागवतो.
सकाळी उकडलेलं गाजर, पाव भाकरी.
दुपारी दह्याचं पाणी, मुळ्याच्या चकत्या, चमचाभरच तेल,
आणि घास इतका चावायचा की नातू कंटाळून पळतो.
मग तुतीच्या रांगेपर्यंत चालणं.
कधी जमतं. परवा अक्रोडांनी दगा दिला.

उजाडलं. सहाला पुरुष आले, टोप्या सावरत,
लगनभर भातापुढे चौघे चौघे बसले.
तूप-तेल सगळं तळाशी उतरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?
उस्तानं ढिगाच्या माथ्यावरून
तीन बोटांनी उचलली एक चिमूट.
तिखट नाही, तुपट नाही. फक्त वास,
जिऱ्याचा, धुराचा, चाळीस वर्षांचा.

चावत राहिला.

मागे कढईपाशी सोदिकनं
तो गार झालेला तुकडा शेवटी तोंडात टाकला,
डोळे मिटले.

उस्तानं मान वळवली नाही.
कान मात्र तिकडेच होते.