नाक्यावरचं नाक

सव्वीस वर्षं कणकुंबीच्या नाक्यावर
मी बाटल्यांची बुचं हुंगली.
चोर्ल्याच्या घाटातून वर आलेला माल
काजूच्या पोत्याखाली, लग्नाच्या रुखवतात,
एकदा तर नवरदेवाच्या फेट्याच्या डब्यात.
साहेब म्हणायचे, गावकर, रिटायर होताना
नाक तेवढं खात्यात जमा करून जा.
प्यालो मात्र कधी नाही.
शपथ नव्हती, शिसारी होती.

आज टिळकवाडीच्या गच्चीवर
हेमांगीनं तिची बाटली ठेवली.
वाळपईच्या भट्टीत तिनं स्वतः गाळलेली जिन.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
‘कागद आहेत, बाबा.’
तरी मी आधी सील बघितलं.

पहिला वास काहीच नाही, धुतलेली काच.
मग देवदाराचा भुसा, ओला.
‘ज्युनिपर,’ ती म्हणाली. ‘ते लांबून येतं,
त्याच्याशिवाय हिला जिन म्हणू देत नाहीत.’
मग गवती चहा. मग आंबेहळद, पुसट,
हात धुतल्यावरही नखात राहते तेवढी.
जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या:
तिरफळ! आणि बांगडा कुठाय?
ती इतकी हसली की बर्फ सांडलं.

टॉनिक घातलं तर थेट पंच्याऐंशी साल,
नाक्यावर हिवताप, कागदाच्या पुडीतली
कोयनेलची गोळी, आणि बसवंतप्पा
स्टोव्हवर पाणी तापवतोय.
‘हे नको,’ म्हणालो.
दुसऱ्या पेल्यात आमसुलाचं आगळ,
चिमूटभर गूळ, गोटी सोडा,
उभी चिरलेली मिरची, बिया काढून.
रंग असा चढला, जसा
खोटं पकडल्यावर ड्रायव्हरच्या कानाला चढायचा.

पण तळाशी अजून एक वास होता.
हिरवा, थोडा गोड, मानेजवळचा.
मी ओळखला. बोललो नाही.

तेवढ्यात ही जिना चढून वर आली,
हातात शेंगाचटणी, आणि कठड्याशी थबकली.
‘माझा मरवा कुणी ओरबाडला गं?
शुक्रवारी गजऱ्याला काय घालू, कपाळ?’
हेमांगी लिंबं कापू लागली, फारच बारकाईनं.

म्हणजे माल इथून खाली गेला होता.
गेल्या महिन्यात, सीटखाली, ओल्या फडक्यात,
माझ्याच नाक्यावरून, माझ्याच घरचा,
आणि आता पक्क्या पावतीनिशी परत आलाय.
मनातल्या मनात वही उघडली:
मरवा, एक जुडी. वाहन पांढरं. इसम, मुलगी.
शेरा लिहायचा रकाना तसाच राहिला.
बसवंतप्पा अशा वेळी हात झटकून म्हणायचा,
‘बिडरी, होगली.’

हिनं माझाच पेला उचलला,
एक घोट घेतला, डोळे मिटून थांबली.
आम्ही दोघं श्वास धरून.
‘मीठ कमी आहे,’ म्हणाली,
आणि पेला परत दिलाच नाही.