रिकाम्या जागा भरा

शुक्रवारचा चौथा तास. घंटा होते
आणि आठवी ब आपोआप दुभंगते:
आमची अकरा मुलं धर्मशिक्षणाला,
बाकीची तेहतीस पलीकडे, मूल्यशिक्षणाला.
मध्ये प्लायवूडची भिंत.
इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं, तिकडचं इकडे,
फादर म्हणतात, पुढच्या वर्षी पक्की बांधू.

त्या दिवशी परुळेकर सर रजेवर होते,
म्हणून चव्वेचाळीस जण माझ्या पुढ्यात,
एकेका बाकावर चार-चार, दप्तरं मांडीवर.
मी आपली माझी गोष्ट काढली:
रात्रभर जाळी टाकून दमलेले लोक,
आणि उजाडताना किनाऱ्यावरून एक आवाज,
उजव्या बाजूला टाकून बघा.

मागून तेजस रेवंडकर उभा राहिला.
"टीचर, वारो खंयचो होतो?"
तसं लिहिलेलं नाही रे.
"भरती की सुकती?"
तेही नाही.
"मगे जमनीवर उभो रवान सांगणारो ह्यो कोण? तांडेल?"
वर्ग फुटला. ज्युलियाना लोबोने
घाईघाईने क्रूसाची खूण केली, आणि मग तीही हसली.

एकोणीस वर्षं ही गोष्ट सांगतेय मी.
माझे वडील शिंपी, लग्नाचे कोट शिवायचे.
होडीत बसले ती एकदाच, किल्ला बघायला,
आणि परत येईपर्यंत ओकत होते.
वाऱ्याचं मला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी चाचणी. वीस गुणांची,
जे प्रगतिपुस्तकात कुठेच धरत नाहीत.
परुळेकर सर आले होते, भिंत होती,
तरी तेजस इकडे येऊन बसला, पेपर मागितला.
मी दिला. फादर विचारतील तेव्हा बघू.

प्रश्न तिसरा:
रात्रभर त्यांच्या जाळ्यात ______ सापडलं.
अकरा जणांनी लिहिलं, काहीच नाही.
पैकीच्या पैकी.
त्याचं उत्तर रेघेत मावलं नव्हतं,
समासात चढून वर वळलं होतं:
"दोन कुर्ले, शेवाळ, एक बाटली,
कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
बाबा काय नाय म्हणतत
तेव्हा इतक्या असता."

लाल पेनाचं टोपण काढून
मी किती वेळ बसले कोण जाणे.
खाली कँटीनवाल्याने शटर ओढलं.
चूक म्हणावं तर हात होईना,
बरोबर म्हणावं तर बाकीच्या अकरा जणांचं काय?
पेपर तसाच पर्समध्ये, अजून आहे,
त्याला आता नारळवडीचा वास लागलाय.

शनिवारी पिशवी घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर गेले.
तेजसचे बाबा होडीच्या सावलीत
जाळं झटकत बसले होते.
काय मिळालं आज, मी विचारलं.
वर न बघता म्हणाले,
"काय नाय, टीचर."

मी वाकून बघितलं.