पायाखालचा पत्रा

वैशाखात फैजपूरला गंजायला काय आहे?
कुलरच्या तोंडाशी धरलेलं ओलं फडकंही
पाव तासात पापडासारखं वाजतं.
तरी परवा यावल रस्त्यावर क्लच दाबला
आणि टाच खाली गेली,
थोडीशीच, पिकल्या पेरूत बोट जावं तेवढी.

गाडी कडेला घेतली. मॅट उचलली.
रबराखाली निजलेला लाल भुसा,
त्यात केसांची एक पिन, पन्नास पैसे,
आणि भोकातून दिसणारं
थांबलेलं डांबर.

सुभान तडवीचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब
आणि त्याला टेकवलेले तीन दरवाजे,
कुठल्याच गाडीचे नसलेले.
तो आधी काही विचारत नाही.
हातोडीच्या दांड्यानं जीप वाजवत जातो,
कलिंगड घेणाऱ्यासारखा कान लावून.
टण्. टण्. टण्.
मग एका जागी थप्प.
"आक्का, आइकलं?"
खडूनं फुली मारतो.
टण्. थप्प. थप्प.
दुपारपर्यंत माझी जीप
ठिकरीसाठी आखलेल्या अंगणासारखी झाली.

"खत वाह्यलं का हिच्यात?"

वाहिलं. अकरा वर्षं.
पोटॅशची पोती, फाटकी, दाभणानं शिवलेली,
त्यावर नर्सरीतली रोपं, ट्रेच्या ट्रे, ठिबकत.
केळीला घातलं ते केळीनं घेतलं.
सांडलं ते हिनं खाल्लं.
आणि मी दर दिवाळीला
बाहेरून रंग दिला.

"पुट्टी भरून देऊ? दोन पावसाळे काढीन.
विकायची असंल तं."
"विकायची नाही."
"मंग कापा लागते."

ग्राइंडर लावला. रंग उलटे निघत गेले:
माझा हिरवा,
लिलावाच्या आधीचा पाटबंधारे खात्याचा करडा,
त्याखाली एक निळा,
ज्याचा मालक कागदांवर कुठेच नाही.
मला वाटलं होतं वीतभर जाईल.
ठिणगी मळकी पडत होती तोवर तो कापत राहिला.
थांबला तेव्हा
पाय ठेवायच्या जागी जमीन होती
आणि सुभानची कोंबडी तिथून ये-जा करत होती.

उकिडवी बसून मी चेसिसच्या पोटातला गाळ खरवडला.
सुकी नदीचा असावा.
पालच्या वाटेवर, पाण्याच्या मधोमध
इंजिन बंद पडलं होतं त्या साली.
मागे पाच बाया आणि एक शेळी,
आणि उतरायला तयार फक्त शेळी.
गाळात एक शिंपला निघाला.
डॅशबोर्डवर ठेवला, उगीच.

पत्रा मिळाला ट्रॉलीच्या फाळक्याचा.
भालोदच्या कुणा भंगाळ्यांची ट्रॉली,
सोळा गेज, जाड, सरळ.
पिवळ्या अक्षरांत उरलेलं: न्हा भेटू.
"अक्षर वर ठेवू का खाली?"
"वर."
वेल्डिंगच्या वेळी म्हणाला, बघू नका.
मी बघितलं.
रात्रभर डोळ्यांत वाळू, पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या.

दुसऱ्या दिवशी खालून रेड ऑक्साइड, त्यावर डांबर.
सगळं वाळलं, आणि त्यानं ड्रिल घेतलं
आणि नव्या पत्र्याच्या कोपऱ्यात भोक पाडलं.
मी ओरडलेच. साडेचार हजार मोजले
ते काय भोकासाठी?
"पाणी तं येईनच, आक्का.
त्याले बसू द्यायचं नाही."

तांब्याभर ओतून बघितलं.
अक्षरांवरून गेलं, कोपऱ्याशी जरा घुटमळलं,
मग धुळीत ठिबकायला लागलं.
कोंबडी आली.

डाव्या मडगार्डवर एक फुली अजून आहे.
"ती पुढच्या साली," तो म्हणाला.
पुसलेली नाही.
जाता-येता बोटानं वाजवते.
टण् की थप्प,
नीटसं कळत नाही.